पाठमोरी ढोलकी

आमच्या कल्याणच्या महिला मंडळात कुठला नाच कुठल्या लयीत करायचा, हे माझा दादा ठरवायचा. मंडळ बायकांचं आणि ढोलकीवर हा एकटा पुरुष. पन्नास सालानंतरची गोष्ट. मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते, दादाचं नुकतंच लग्न झालं होतं आणि वहिनी आणि मी दोघी मंडळात जात असू.

पारनाक्याजवळच्या एका देवळाच्या मंडपात रविवारी दुपारी तालीम असायची. झिम्मा, फुगड्या, टिपऱ्या, फेराची गाणी आणि गोफ. मंडळ चालवणाऱ्या बाई मुलींच्या शाळेत शिकवत. त्यांनी दादाला बोलावलं तेव्हा काही वयस्क बायकांनी हरकत घेतली. परक्या पुरुषासमोर फुगडी घालायची नाही, म्हणाल्या. बाईंनी वाद घातला नाही. त्यांनी दादाचं बसकर भिंतीकडे तोंड करून घातलं आणि म्हणाल्या, "आता तो समोर नाही." तेव्हापासून दादा आमच्याकडे पाठ करून वाजवायला लागला.

आम्हा मुलींना याचं हसू यायचं, पण त्याला ते आवडलं. तो म्हणायचा, बघत बसलं की हात फसतो. नवं गाणं बसवायचं असलं की तो ढोलकी बाजूला ठेवायचा आणि आम्हाला नुसतं गोल चालायला लावायचा. शहाबादी फरशीवर अनवाणी पायांचा आवाज व्हायचा. तो मान खाली घालून ऐकत बसे. मग गाणाऱ्या बायकांना एक कडवं म्हणायला लावी, त्या श्वास कुठे घेतात ते ऐके, आणि मग ढोलकी मांडीवर ओढून हलकेच ठेका धरी. तो ठेका सहसा बदलावा लागत नसे.

एकदा मी त्याला विचारलं, "तू ठरवतोस कसं?"

"ज्या बाईचा पाय सगळ्यांत जड, तिची लय धरायची," तो म्हणाला. "बाकीच्यांना हळू नाचता येतं. तिला जोरात नाचता येत नाही."

एका रविवारी त्याने झिम्मा नेहमीपेक्षा बराच सावकाश घेतला. मुली कंटाळल्या. घरी येताना त्याने विचारलं, "आज दाराच्या बाजूला कोण होतं गं? पाय जपून टाकत होती." मी नाव सांगितलं. महिन्याभराने कळलं की त्या बाईला दिवस गेले होते आणि तोवर तिने ते नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. मंडळात या गोष्टीचं कौतुक झालं. पण ती बाई पुन्हा आली नाही. तिने निरोप पाठवला की तुझा भाऊ पाठ करून बसला तरी अंगावर शहारा येतो.

दादा रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होता. शांत, कमी बोलणारा. वहिनी त्याच्याहूनही शांत. जेवताना दोघं एकमेकांशी बोललेली मला आठवत नाहीत, पण त्याच्या ताटात काय संपलंय ते तिला न बघता कळायचं.

त्या वर्षी नवरात्रात डोंबिवलीच्या एका मंडळाने आम्हाला बोलावलं. डोंबिवली तेव्हा लहान होती. स्टेशनाबाहेर चार पावलांवर भातशेती लागायची. एका शाळेच्या पटांगणात दुपारी कार्यक्रम होता आणि शेवटी आमचा गोफ. वर आडव्या वाशाला रंगीत दोऱ्या बांधलेल्या. प्रत्येकीच्या हातात एका दोरीचं टोक. निम्म्या जणी उजवीकडून, निम्म्या डावीकडून, एकमेकींच्या आतून-बाहेरून जायचं की वर वेणी विणत जाते. मग उलट फिरून ती सोडवायची. विणताना चुकलं तर सोडवताना गाठ बसते, म्हणून गोफाची लय दादा नेहमी धीमी ठेवायचा.

त्या दिवशी विणून झालं आणि सोडवायच्या वेळी त्याने लय एकदम वर नेली. आम्हाला कुणाला कल्पना नव्हती. विचार करायला वेळच नव्हता, पाय आपोआप पळायला लागले. दोऱ्या सुटत गेल्या, लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले आणि शेवटची दोरी मोकळी झाली तेव्हा आम्ही धापा टाकत हसत होतो. बाईसुद्धा हसत होत्या. मी दादाकडे पाहिलं. तोही मान वळवून हसत होता, पण त्याचा सदरा पाठीवर पूर्ण भिजला होता आणि गाणं संपलं तरी त्याची बोटं ढोलकीच्या कडेवर चालूच होती.

त्यानंतर आम्हाला बोलावणी यायला लागली. ठाणे, भिवंडी, पुन्हा डोंबिवली. सगळ्यांना तो जलद गोफ हवा असायचा. बाईंनी एक-दोनदा म्हणून पाहिलं की झिम्मा तरी जुन्या लयीत राहू दे. दादा म्हणाला, "बाई, बायकांना जमतंय. तुम्ही त्यांना उगीच म्हाताऱ्या करताय." बाईंशी असं बोललेलं आम्ही कुणी कधी ऐकलं नव्हतं.

घरातही तो बदलत होता. आधी बरंच वाटलं. तो बोलायला लागला, भाजी आणायला लागला, शेजारच्या मुलांना टिपऱ्या शिकवायला लागला. सुताराकडून त्याने टिपऱ्यांचा भाराच आणून ओटीवर टाकला. एवढ्या कुणासाठी, असं आईने विचारलं तर म्हणाला, "सगळं कल्याण नाचवणार आहे." आई हसली. आठ दिवसांनी दुसरा भारा आला. तेव्हा ती हसली नाही, पण म्हणाली, "उत्साह आहे त्याला. बरंय की. आमचा मुलगा मुका आहे की काय असं लोक विचारायचे."

तो झोपत नाही, हे वहिनीने मला विहिरीवर सांगितलं. सकाळी मी उठायचे तेव्हा तो अंघोळ करून, कपडे घालून बसलेला असे, आणि बोटं पाटावर वाजत असत. पाटावर, ताटावर, डब्यावर, दाराच्या चौकटीवर. आधी आम्हाला ते ऐकू येणं बंद झालं होतं, जसं घड्याळाचं होतं. मग एक दिवस माझ्या लक्षात आलं की मी कणीक मळतेय ती त्या ठेक्यावर मळतेय, आणि माझे हात दुखायला लागले आहेत. मी थांबले. पलीकडे आई तांदूळ निवडत होती. तिचीही बोटं त्याच ठेक्यात पळत होती. तिला ते माहीत नव्हतं.

अण्णा, म्हणजे आमचे वडील, काही बोलत नव्हते. ते दादाकडे बघायचेही नाहीत. एका सकाळी मी तुळशीला पाणी घालत होते आणि आतून डब्यावरची बोटं ऐकू येत होती. अण्णा बाहेर आले आणि माझ्याजवळ उभे राहिले.

"तुझ्या काकाचा हातही असाच चालायचा," ते म्हणाले.

"कुठल्या काकाचा?"

मला काका नव्हता. निदान मला तसंच माहीत होतं.

"होता," अण्णा म्हणाले. "माझ्या पाठचा. खाडीवर पोहायला गेला. परत आला नाही." मग म्हणाले, "त्याला पोहता येत नव्हतं. तुझ्या वहिनीला यातलं काही सांगू नकोस." आणि आत गेले.

मी वहिनीला त्याच दिवशी सांगितलं. ती धुणं पिळत होती. तिने ऐकून घेतलं, धुणं दोरीवर टाकलं आणि म्हणाली, "मला वाटलंच होतं वन्सं, काहीतरी असणार. आई त्यांच्याकडे हसून बघतात ना, ते हसणं मला कधी खरं वाटलं नाही."

"मग करायचं काय?"

"रविवारी तालीम आहे," ती म्हणाली. "तिथे त्यांचं हे सगळ्यात वाढतं. तिथे बघू."

त्या रविवारी मंडपात आम्ही नेहमीइतक्याच जणी होतो. जानेवारीतल्या हळदीकुंकवासाठी गोफ घोटायचा होता. दादा आधीच येऊन भिंतीकडे तोंड करून बसला होता. ढोलकी त्याने फार ताणून चढवली होती. पहिली थाप पडली तेव्हा तो आवाज इतका तीक्ष्ण आला की देवळातली कबुतरं उडाली. त्याने आम्हाला चालायला लावलं नाही, गाणाऱ्यांना कडवं म्हणायला लावलं नाही. एकदम सुरुवात केली.

विणताना आम्ही कशाबशा पुऱ्या पडलो. गाणाऱ्यांचे शब्द तुटायला लागले. मग लय आणखी वर गेली. एक वयस्क बाई दोरी सोडून बाजूला झाली आणि खांबाला धरून बसली. ज्यांच्या दोऱ्या तिच्या दोरीत अडकल्या होत्या त्यांना थांबता येईना. कुणी थांबलं की मागची अंगावर येत होती. बाई ओरडल्या नाहीत, पण मोठ्याने म्हणाल्या, "थांब. पुरे."

तो थांबला नाही. उलट बसकरावर बसल्या बसल्या वळला आणि आमच्याकडे तोंड केलं.

इतके दिवस आम्ही त्याची पाठच पाहिली होती. घरी मी त्याचा चेहरा रोज बघत होते, पण वाजवतानाचा चेहरा मीही पहिल्यांदाच पाहत होते. डोळे उघडे होते आणि ते कुणावर थांबत नव्हते. आमच्या मागे जणू आणखी कुणी नाचत होतं आणि तो त्यांच्याकडे बघत होता.

"तुम्ही उशीर करताय," तो म्हणाला. आवाज अगदी साधा होता, मालधक्क्यावर हमालाशी बोलावा तसा. "मी तिथे पोचलोय. तुम्ही अजून इथेच आहात."

मुली रडायला लागल्या होत्या. वर दोऱ्यांचा गुंता झाला होता आणि वासा करकरत होता. तेव्हा वहिनीने आपली दोरी सोडली. ती धावली नाही. गर्दीतून वाट काढत त्याच्यापर्यंत गेली, खाली बसली आणि आपला उजवा पंजा ढोलकीच्या पुडीवर ठेवला.

त्याचा हात चालूच राहिला. आता थाप तिच्या हातावर पडत होती. आवाज बदलला. ढोलकी बंद झाली आणि मांसावर मांस आपटल्याचा आवाज येत राहिला, त्याच लयीत. तिने हात काढला नाही. त्याच्याकडे बघत राहिली. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. शेवटी थापा हळू झाल्या, मग विस्कटल्या आणि मग त्याने तिच्या हाताकडे पाहिलं. हात लाल होऊन सुजला होता.

"हे कुणी केलं?" त्याने विचारलं.

"घरी चला," वहिनी म्हणाली.

कल्याण-डोंबिवलीकडे तेव्हा कुणी वेड्यासारखं वागलं की 'याला ठाण्याला पाठवा' म्हणायची पद्धत होती. आम्हीही म्हणायचो, हसत हसत. वेड्यांचं मोठं इस्पितळ ठाण्याला होतं. त्या रविवारनंतर आमच्या घरात कुणी ठाणे हा शब्द उच्चारला नाही. अण्णांना तिकडे काम निघालं तरी ते 'खाली जाऊन येतो' म्हणायचे. आमचे डॉक्टर येऊन गेले. ओटीवर अण्णांशी हळू आवाजात बोलले. आई आत देवाशी बसली होती. ती म्हणत राहिली, "दृष्ट लागली आहे. एवढं नाव झालं त्याचं. दृष्टच लागली."

आम्ही त्याला दुपारच्या गाडीने नेलं. अण्णा, वहिनी आणि मी. हात तपासून घ्यायला डॉक्टरांकडे जातोय असं त्याला सांगितलं होतं, कारण त्याच्या बोटांना चिरा पडल्या होत्या. तो लगेच तयार झाला, फक्त ढोलकी घेतल्याशिवाय निघेना. डबा जवळजवळ रिकामा होता. तो खिडकीशी बसून वाजवत होता आणि गाडीवर चिडत होता. ही रखडतेय, म्हणायचा, हिला लयच नाही. समोर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. ते आधी मान डोलावत होते. थोड्या वेळाने ते उठून पलीकडे जाऊन बसले.

बोगदा आला तेव्हा डब्यात काळोख झाला आणि ढोलकी थांबली. मला वाटलं, तो उठला. मी हात पुढे केला तर वहिनीचाही हात तिथेच होता. आम्ही दोघींनी त्याचा सदरा धरून ठेवला. उजेड आला तेव्हा तो जागेवरच बसलेला होता आणि वहिनीच्या हाताकडे बघत होता. त्यावरचं काळंनिळं अजून गेलं नव्हतं.

"ठाण्याला ना?" त्याने विचारलं.

अण्णांनी खिडकीबाहेर तोंड फिरवलं. वहिनी म्हणाली, "हो. ठाण्याला."

मग त्याने ढोलकी आडवी घेतली आणि एकेक कडी सरकवून ती उतरवायला लागला. "ताणलेली ठेवली की पुडी फाटते," तो मला म्हणाला. सगळ्या वाद्या सैल करून त्याने ती माझ्या मांडीवर ठेवली. "घरी ने. कोरड्या जागी ठेव."

इस्पितळाच्या फाटकातून आत जाताना तो आमच्या पुढे चालत होता. अण्णा मागे राहिले. मला आठवतं ते एवढंच, की त्याची पावलं एकदम नीट पडत होती, आणि त्याच्याबरोबर चालताना मला धाप लागली होती.

तो परत आला तेव्हा उन्हाळा सरत आला होता. अंगाने सुटला होता. हात किंचित थरथरायचे. तिथे काय उपचार झाले ते त्याने कधी सांगितलं नाही. मालधक्क्यावरची नोकरी साहेबाने सांभाळून ठेवली होती, तो पुन्हा जायला लागला. बोटं कुठेच वाजत नव्हती. घर इतकं शांत झालं की आई मुद्दाम भांडी आपटायची.

श्रावणात बाई आल्या. मंगळागौरीचे कार्यक्रम आले होते आणि दादा नसताना मंडळाने पेटीवर आणि टाळ्यांवर काम भागवलं होतं. तो नको म्हणेल असं आम्हाला वाटलं. तो गेला. भिंतीकडे तोंड करून बसला आणि बराच वेळ नुसता बसून राहिला. मग त्याने जी लय धरली ती इतकी संथ होती की पाय उचलल्यावर खाली कधी ठेवायचा ते कळेना. आम्ही फेर धरला. पण त्या चालीत लग्नाची, माहेराची गाणी म्हणताना मला मध्येच वाटलं, आपण कुणाला तरी पोचवायला निघालो आहोत. गाणाऱ्यांपैकी एकीने पदर तोंडाला लावला.

तालीम संपल्यावर बाई, वहिनी आणि मी मंडपात मागे राहिलो. बाई अवघडल्या होत्या. "तरुण मुली टिकायच्या नाहीत या लयीत," त्या म्हणाल्या. "डोंबिवलीचा एक ढोलकीवाला यायला तयार आहे. फेराची गाणी याला देऊ, बाकीचं त्याला. म्हणजे यालाही वाईट वाटणार नाही."

"त्यांना वाईट वाटेल की नाही ते राहू द्या," वहिनी म्हणाली. "पण लय वाढवायला त्यांना सांगू नका. कधीच. चांगली जमली तरी नाही, लोकांनी मागितली तरी नाही."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "नाही सांगणार."

पुढची चार-पाच वर्षं असंच चाललं. दादा फेराची गाणी वाजवायचा. हळूहळू त्याची लय माणसात आली, चालण्याइतकी, मग जरा झपझप चालण्याइतकी. मंडळातल्या बायकांना आनंद व्हायचा. म्हणायच्या, तुझा भाऊ सुधारतोय. मी हो म्हणायचे. पण वहिनी आणि मी त्या लयीकडे वेगळ्याच कानांनी ऐकत होतो. दुसऱ्या घरात पोराच्या कपाळाला हात लावून बघतात तसं. ठेका थोडा उचलला गेला की नाचता नाचता आमची नजरानजर व्हायची. रात्री झोपला का, मी विचारायचे. झोपले, ती सांगायची, आणि मग दोघींना पुढच्या रविवारपर्यंतची सवड मिळायची. माझं लग्न लांबलं त्याला कारणं पुष्कळ होती. विचारायला आलेल्यांच्या कानावर ठाण्याचं कुणीतरी घातलं, हेही एक. पण मला स्वतःलाही ते घर सोडून जायचा धीर होत नव्हता.

मग एका वर्षी संक्रांतीनंतरचं हळदीकुंकू डोंबिवलीच्या पश्चिमेला, कोपरच्या बाजूला एका शेतकरी घरात होतं. पूर्वी मिठागरावर राबलेलं, आता जमीनजुमला असलेलं मोठं कुटुंब. अंगण सारवलेलं, दुपारचं ऊन, खाडीकडून वारा. घरातल्या बायकाही आमच्या फेरात आल्या. त्यांचे पाय दणकट आणि नाचायची हौस दांडगी. पहिलं गाणं छान झालं. दुसऱ्याला लय जरा वर आली. त्या बायका खूश झाल्या, अजून वाढवा म्हणायला लागल्या. मी वहिनीकडे पाहिलं. ती आधीच दादाच्या पाठीकडे बघत होती.

लय आणखी वर गेली. सदरा पाठीला चिकटायला लागला होता. वहिनीने फेर सोडला आणि ती त्याच्याकडे निघाली.

ती पोचायच्या आत ढोलकी थांबली. गाण्याच्या मध्येच, कडवं अर्धं असताना. दादाने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि वळून पाहिलं. आता त्याचे डोळे कुणालातरी शोधत होते. ती दिसल्यावर ते थांबले.

"हात माझं ऐकत नाहीये," तो तिला म्हणाला. "आजच जाऊ या."

"आजच?"

"इथून जवळ आहे. घरी गेलो तर मी येणार नाही म्हणेन."

वहिनीने मान हलवली. घरातल्या एका माणसाने स्टेशनापर्यंत सोडायला बैलगाडी जुंपली. मी पुढे झाले तर वहिनी म्हणाली, "तुम्ही थांबा वन्सं. सगळ्याच गेलो तर इथल्या बायका घाबरतील. आईंना सांगा, मी आहे त्यांच्याबरोबर." दोघं गाडीत बसली. त्याने या वेळी ढोलकी घेतली नाही.

त्या खेपेला तो लवकर परत आला. नंतर तो मरेपर्यंत आणखी काही वेळा गेला आणि प्रत्येक वेळी आपण होऊन गेला, वहिनीला सांगून. खाडीच्या वाटेला तो कधी गेला नाही. ढोलकी मात्र त्या दिवसानंतर त्याने मांडीवर घेतली नाही.

गाडी बांधावरून दिसेनाशी झाली. मग बाईंनी अर्धं राहिलेलं कडवं पुन्हा उचललं आणि टाळी धरली. आम्ही फेर धरला. ठेका द्यायला कुणी नव्हतं, त्यामुळे प्रत्येकीची टाळी थोडी पुढे, थोडी मागे पडत होती. वारा वाढला होता. घरची म्हातारी ओट्यावर बसून बघत होती. ती शेजारणीला विचारत होती, "असा मधीच उठून कुठं गेला तो?"